विहिणींचा खटका

स्टॅनमोर
४ मार्च २०२४

श्रीमती देवयानी गुप्ते यांस,

पत्राच्या सुरुवातीला नमस्कार लिहायची रीत आहे. यंदा ती मी मोडते आहे. रीती मोडायला मी घाबरत नाही हे तुम्हाला लग्नाच्या दिवसापासून ठाऊक आहे.

तुमच्या चिरंजीवांची निळी एस्टेट गाडी अजून माझ्या ड्राइव्हवेवर उभी आहे. "सहाच महिन्यांचं प्रोजेक्ट आहे, आई, गाडी इथेच राहू दे," असं म्हणून समर एडिनबराला गेला. त्यानंतर आला तो ई-मेल. माझ्या मालविकाचा नऊ वर्षांचा संसार त्याने एका ई-मेलने मोडला आणि खाली लिहिलं, "काइंड रिगार्ड्स, समर." ती ओळ ऑफिसच्या मेलला आपोआप चिकटते म्हणे. म्हणजे बायकोला सोडण्यासाठी याने ऑफिसचा मेल वापरला, आणि पाठवण्यापूर्वी खालपर्यंत वाचायचेही कष्ट घेतले नाहीत!

तेव्हापासून तो ना तिच्यासमोर आला, ना माझ्या. फोन केला की व्हॉइसमेल लागतो. मी तीस वर्षं हॅरोच्या शाळेत इतिहास शिकवला, कौन्सिलच्या सभा गाजवल्या, मराठी मंडळींची सभागृहं गप्प केली. पण त्या व्हॉइसमेलच्या 'टीं'पुढे माझी जीभ उचलत नाही. समोर माणूस लागतो. मला तो माणूस समोर हवा आहे, बाकी काही नको.

तो येणार नसेल तर गाडी भंगारात जाईल. बोनेटवर शेवाळ धरलंय, आणि मालविका रोज कामावर जाताना तिला वळसा घालून जाते. लेकीने आपल्याच दारात वळसा का घालावा?

तुम्ही फोनवर नुसतं 'हं' म्हणता. गप्प माणसाशी बोलायची मला सवय नाही, म्हणून हे पत्र.

मधुमती टिपणीस


एडिनबरा
९ मार्च

सौ. मधुमतीबाई यांस नमस्कार.

पत्र लिहिलंत ते बरं केलंत. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून फोन समरच लावून देतो, मेसेजही तोच वाचून दाखवतो. पत्रं मात्र मी भिंग घेऊन स्वतः वाचते. फोनवर 'हं' का म्हणते ते यावरून कळावं. तो शेजारी बसलेला असतो.

गाडी भंगारात देऊ नका. ती समरची होण्याआधी त्याच्या बाबांची होती. रघुवीर गेले तेव्हा त्यांचा चष्मा तिच्या कप्प्यात होता, अजून असेल. समर एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी विमानाने येऊन ती चालवत इकडे आणीन म्हणतो. मालविका घरी नसेल अशी वेळ सांगा, असा त्याचा निरोप आहे. निरोप त्याचा आहे, माझा नाही.

गाडी नीट चालते ना?

देवयानी


स्टॅनमोर
१३ मार्च

देवयानीबाई,

मालविका घरी नसेल अशी वेळ! वा! चोराने मालकाला विचारावं, तुम्ही बाहेर कधी जाता!

गाडी नीट चालते का, असं विचारलंत. तर ऐका. मागच्या आठवड्यात बॅटरी चार्ज करून मी ती गल्लीच्या टोकापर्यंत नेली. चाक वळवलं की 'खट्' होतं. डावीकडे खट्, उजवीकडे खट्. स्टिअरिंग हातात असतं आणि तरी मधला एक क्षण ते आपलं नसतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने दारातच दोनदा चाक हलवलं, मान हलवली आणि म्हणाला, "मॅडम, खोलून बघावं लागेल. तोवर ही मोटरवेवर नेऊ नका."

म्हणजे, विहीणबाई, माझ्या हातात आता चारशे मैलांचा मोटरवे आहे.

काल मी स्वयंपाकघरात उभी राहून या गोष्टीचा विचार केला. पोळी करपली तरी विचार संपेना. शनिवारी तो येईल, मी किल्ली देईन, हसून "नीट जा" म्हणेन. बस. मी खोटं बोलणार नाही. नुसतं काही सांगणार नाही. त्याने तरी मालविकाला काय सांगितलं होतं? तीही सहा महिने त्याच गाडीत बसल्यासारखी होती. बाहेरून चकचकीत, आतून सुटलेली, आणि तिला सावध करणारा मेकॅनिक नव्हता.

काट्याने काटा काढायचा म्हणतात. मग हा घ्या काटा.

मधुमती


एडिनबरा
१६ मार्च

मधुमतीबाई,

तुमचं पत्र आज सकाळी आलं, उत्तर आजच पोस्टात टाकते आहे.

किल्ली स्वतःच्या पर्समध्ये ठेवा. गाडी दाराबाहेर नेऊ नका. तुम्ही नको, मालविका नको, कोणीच नको. गल्लीच्या टोकापर्यंत नेलीत हेही चुकलंच.

आणि दुसरं. ज्याला मारायचं असतं तो त्याच्या आईला आधी पत्र लिहून कळवत नाही. म्हणून मी रागावलेली नाही. पण परत असं लिहू नका. मी वाचताना भिंग हातातून पडलं.

आता आवाजाबद्दल. लग्नाआधी मी पुण्यात मुलींच्या तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइल शिकवत असे. इकडे आल्यावर कोव्हेंट्रीत गाड्यांच्या आराखड्यांचं काम केलं. ही गाडी रघुवीरनी आणि मी आमच्या दारात किती वेळा खोलून परत जोडली असेल. म्हणून विचारते. गाडी उभी असताना, नुसतं चाक हलवलं तरी आवाज येतो का? खड्ड्यातून जाताना येतो का? आणि आवाज कुठे जाणवतो: हाताला, कानाला की पायाला?

देवयानी


स्टॅनमोर
२२ मार्च

देवयानीबाई,

लग्नात तुम्ही तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे तुम्ही शिकवत होतात हे मला आज कळतंय. मला वाटलं होतं, तुम्हाला फक्त रुसता येतं.

विषय निघालाच आहे तर बोलते. वेम्बलीच्या त्या हॉलमध्ये भटजींनी तांब्या-ताम्हण पुढे केलं, "मुलीच्या आईने विहिणीचे पाय धुवायचे," म्हणाले. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं की माझी मुलगी कुणापेक्षा कमी नाही, म्हणून तिची आईही कुणाच्या पायाशी बसणार नाही. दोन बायकांनी एकमेकींसमोर सरळ उभं राहावं, यापेक्षा मोठा मान मला माहीत नाही. हॉलने टाळ्या वाजवल्या. तुम्ही मात्र पाय साडीत ओढून घेतलेत आणि दगडासारख्या बसून राहिलात. मान मिळाला नाही म्हणून मुलाला हे असं सोडून जायला शिकवलंत का, अशी शंका मला गेले वर्षभर येते आहे.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. गाडी उभी असताना येतो: हो. खड्ड्यातून: नाही, वेगळं काही नाही. कुठे जाणवतो: हे मी परत बसून पाहिलं. दाराबाहेर नेली नाही, घाबरू नका. हाताला थोडा. पण खरा पायाला. क्लचवर पाय ठेवला की तळव्याखाली कुणीतरी टिचकी मारल्यासारखं होतं.

चष्मा कप्प्यात आहे. एक काडी सैल झालीय.

मधुमती


एडिनबरा
२७ मार्च

मधुमतीबाई,

पत्रावरून आवाजाचं नेमकं ठिकाण सांगता येत नाही. एक पद्धत आहे, पण तिला दोन माणसं लागतात.

एक जण स्टिअरिंगवर. दुसरा गाडीखाली, पाठीवर झोपून. वरच्याने चाक हळूहळू डावी-उजवीकडे हलवायचं. खालच्याने एकेका सांध्यावर हात ठेवायचा. ज्या सांध्यात ठोका हाताला लागेल, तो दोषी. सांधे पुष्कळ असतात. घाई करून चालत नाही. खालच्याने हात काढला की ठोका हुकतो, म्हणून त्याने तिथेच पडून राहायचं.

शेजाऱ्यांकडून लोखंडी रॅम्प मागून घ्या. नुसत्या जॅकवर कधीही नाही. पुढची चाकं रॅम्पवर, मागच्या चाकांना विटा, इंजिन बंद, हॅन्डब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. आणि वर बसणाऱ्याचा पाय ब्रेकवर, सगळा वेळ.

खाली समर जाईल. गाडी त्याच्या बाबांची आहे आणि सांधे त्याला माहीत आहेत. वर तुम्ही बसा.

त्याला मी सांगितलं आहे की हे केल्याशिवाय गाडी मिळणार नाही. मालविका घरी नसेल की असेल, याबद्दल मी त्याला काही सांगितलेलं नाही. ते तिचं तिने ठरवावं.

देवयानी


स्टॅनमोर
१५ एप्रिल

देवयानीबाई,

शनिवार झाला. सगळं लिहिते, बोलून बोलून घसा बसलाय, हात चालतो आहे.

समर आला. दारात उभा राहून म्हणाला, "हॅलो आई... सॉरी, मधुमतीकाकू."

मी म्हटलं, "सॉरी कशाबद्दल ते आधी ठरव."

त्याने खाली बघितलं. मग रॅम्पकडे बघितलं. रॅम्प समोरच्या मीनाक्षीच्या नवऱ्याने आणून दिले आणि गाडीही त्यानेच हळूच वर चढवली. तुमच्या मुलाने जाकीट काढलं, जुनी चटई अंथरली आणि खाली सरकला. बाहेर राहिले फक्त त्याचे बूट. महागातले होते.

मी स्टिअरिंगवर बसले. पाय ब्रेकवर ठेवला. तुम्ही विचारणार म्हणून लिहिते: एकदाही काढला नाही. पण खोटं सांगणार नाही, पहिलं मिनिटभर मला त्या पायाची भीती वाटली. खाली तुमचा मुलगा, वर मी, आणि मधे माझं वर्षभर उकळलेलं रक्त. मग खालून त्याचा आवाज आला, "ओके, डावी फिरवा." लेकाला अजून डावा-डावी-डावं कळत नाही. मी फिरवलं. खट्.

"हात ठेवलास?"

"हो. इथे नाही आली आवाज."

"मग तिथेच राहा," मी म्हटलं, "आणि ऐक."

मी काच खाली केली. शनिवारची सकाळ, ऊन पडलेलं, निम्मी गल्ली बागेत. मी मराठीतच सुरुवात केली. म्हटलं, "समर गुप्ते, तू माझ्या घरी नऊ दिवाळ्या जेवलास. माझ्या हातचं आंबट वरण तुला तुझ्या आईच्या वरणापेक्षा आवडतं, हे तू तिच्यासमोर बोलायचास, आणि मला लाज वाटायची. ज्या मुलीने तुझ्या बाबांच्या शेवटच्या आजारात नोकरीवरून सुट्टी घेऊन त्यांना दाढी करून दिली, त्या मुलीला तू लिहिलंस, काइंड रिगार्ड्स! प्रेम संपतं. मी इतिहास शिकवलाय. साम्राज्यं संपतात, तुझं प्रेम कोण लागून गेलं! पण संपलेल्या गोष्टीला तोंड असतं आणि ते दाखवायला यावं लागतं. हरलेला राजासुद्धा तहाला स्वतः येतो. तू मेल पाठवलास."

"काकू, प्लीज, नेबर्स..."

"शेजाऱ्यांना मराठी येत नाही. पण थांब, त्यांच्यासाठी इंग्रजीत सांगते."

आणि सांगितलं! हेजच्या कुंपणामागे मीनाक्षीने कात्री चालवायची थांबवली. पलीकडच्या म्हाताऱ्या साहेबांनी तर खुर्ची वळवून घेतली. मधे मधे मी चाक फिरवत होते, खट्, खट्, आणि प्रत्येक खटक्यावर एक वाक्य ठोकत होते. तबल्याची साथ मिळावी तशी. त्याने एकदा बाहेर सरकायला पाहिलं. मी म्हटलं, "हात काढू नकोस, ठोका हुकेल. तुझ्या आईने सांगितलंय." बूट परत आत गेले.

पाऊण तास! माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण, आणि श्रोता पळू न शकणारा.

शेवटी मी विचारलं, "एकच सांग. समोर येऊन का नाही बोललास?"

बुटांची टोकं एकमेकांकडे वळली. मग खालून, "शी वुड हॅव बीन नाइस अबाउट इट. मला ते... मला नाही सहन होत."

त्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं, आणि ते जहाल होतं. पण तेवढ्यात दार उघडलं. मालविका घरातच होती. हातात चहाचा एकच कप. तो तिने मला दिला आणि म्हणाली, "आई, सरक."

मी सरकले. ती स्टिअरिंगवर बसली, पाय ब्रेकवर. आणि चाक फिरवायला लागली. डावीकडे. उजवीकडे. एक शब्द नाही. खाली त्याला कळलं असणार, कारण "डावी फिरवा" म्हणणारा आवाज बंद झाला. डावीकडे, उजवीकडे. खट्. खट्. मी बाजूच्या सीटवर चहा धरून बसले होते आणि पहिल्यांदाच मला बोलावंसं वाटेना. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग गाडीखालून रडण्याचा आवाज आला. मालविकाने तो पूर्ण ऐकला. मग हॅन्डब्रेक परत तपासला, उतरली, आणि त्या बुटांना म्हणाली, "नाऊ यू कॅन गो."

तो चेहऱ्याला काळं लागलेल्या अवस्थेत ट्यूब स्टेशनकडे चालत गेला. पुसायचंही सुचलं नाही. लोकांनी बघितलं असेल. बघू देत.

आवाज मात्र सापडला नाही. कुठल्याच सांध्यात नाही. गाडी इथेच आहे. आता काय करायचं?

मधुमती


एडिनबरा
१९ एप्रिल

मधुमतीबाई,

आवाज तिथे सापडणारच नव्हता.

ड्रायव्हरच्या पायाशी, पेडलांच्या वर, कार्पेट थोडं बाजूला करा. स्टिअरिंगचा दांडा जिथे खाली जातो तिथे एक लहान सांधा दिसेल, आणि त्याला आवळून धरणारा एक आडवा बोल्ट. तो सैल झाला आहे. चाकं सरळ ठेवा, किल्ली काढून स्टिअरिंग लॉक करा. जुना बोल्ट परत वापरू नका. नवा मागवा आणि मेकॅनिककडून मापाने आवळून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे. गाडीखाली कोणालाही जावं लागत नाही.

खटका पायाला लागतो, असं तुम्ही लिहिलंत, तेव्हाच मला कळलं होतं.

समर रोज येतो. दूध आणतो, डोळ्यात थेंब घालतो, माझी पत्रं पोस्टात टाकतो. फक्त तुम्हाला लिहिलेली मी स्वतः जाऊन टाकते. मी विषय काढला की "आई, हे नको" म्हणतो, आणि मी गप्प बसते. जो आपल्या डोळ्यात थेंब घालतो त्याला डोळे वटारून दाखवता येत नाहीत. पण राग मलाही होता. मालविकाने रघुवीरची दाढी केली ती मी बाजूला बसून बघितली आहे. माझ्या मुलाला कुणीतरी आडवं पाडून सुनावावं, असं मला वर्षभर वाटत होतं, आणि मला बोलता येत नाही. बोलता येणारं माणूस मला एकच माहीत आहे. तुमच्या पायाखालच्या ब्रेकवर मी माझा मुलगा सोपवला तो त्यासाठी. ज्या बाईने हॉलभर लोकांसमोर सरळ उभं राहायची भाषा केली, ती खाली पडलेल्या माणसावरचा ब्रेक सोडणार नाही, एवढी मला खात्री होती.

तुम्ही लग्नाचं लिहिलंत. पाय मी ओढून घेतले, कारण तुम्ही खाली बसू नये असं मलाही वाटत होतं. आणि टाळी वाजवली नाही, कारण दोन्ही मुठींत अक्षता होत्या.

समर रविवारी आला. नखांत अजून काळं होतं. जेवला नाही. जाताना म्हणाला, "शी डिडन्ट से एनिथिंग, आई." मी 'हं' म्हटलं. या वेळी मुद्दाम.

देवयानी


स्टॅनमोर
३० एप्रिल

प्रिय विहीणबाई,

यंदाची मोडलेली रीत जोडून घेते: नमस्कार. दोन्ही हातांनी, आणि दोन्ही हात ग्रीसने भरलेले.

बोल्ट सापडला. मालविका कार्पेटवर डोकं खाली करून उलटी लटकली होती, मी टॉर्च धरला होता आणि दोघी हसत होतो. या घरात वर्षभरात हा आवाज नव्हता. नवा बोल्ट मेकॅनिकने मापाने बसवला. आता चाक लोण्यासारखं फिरतं. काल ती गाडी घेऊन कामावर गेली. वळसा संपला. गाडी तीच ठेवणार आहे; तसं तिने समरला कळवलंय, एका ओळीत. रघुवीररावांच्या चष्म्याची काडी घट्ट केली आहे, चष्मा याच पाकिटात आहे.

तुमच्यावर रागवायचा मी खूप प्रयत्न केला. तीस वर्षं लोकांना बोलून हलवत आले, आणि तुम्ही मला न बोलता स्टिअरिंगवर बसवून हवं तिकडे फिरवलंत! पण हसूच येतं.

आता कामाचं. समरचा परवा मेसेज आला, वर्षातला पहिला. "आवाज मिळाली का? मालविकासाठी सेफ आहे का? नसेल तर मी परत येऊन बघतो."

मी कळवलंय, गाडी सेफ आहे, आवाज मात्र सापडत नाही. मेच्या शेवटच्या शनिवारी येतो म्हणाला. मीनाक्षीला रॅम्प राखून ठेवायला सांगितलंय, आणि पलीकडच्या साहेबांनी मुद्दाम तारीख विचारून घेतली.

त्याच्याबरोबर तुम्हीही या. तुमचा एक मान माझ्याकडे राहिला आहे, तो द्यायचा आहे. पाय मी अजूनही धुणार नाही. पण ड्रायव्हरची सीट तुमची. खाली तो असेल. पाय ब्रेकवर ठेवा, हातात अक्षता घेऊ नका, आणि इतकी वर्षं जे 'हं'मध्ये गिळलंत ते सगळं बोला. अडलात तर मी शेजारच्या सीटवर आहेच.

तोवर चिरंजीवांना माझा निरोप द्या: खटका अजून येतो.

काइंड रिगार्ड्स,
मधुमती